स्मिटन झालेले गृहस्थ

१२ मार्च

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद. मी मजेत आहे. चष्म्याच्या दुकानाचं शटर दुरुस्त झालं, माझा गुडघा मात्र तसाच कुरकुरतो.

तुझ्या घरातल्या माझ्या खोलीला पडदे कुठल्या रंगाचे घेऊ, असं विचारलंस. इतक्यात घेऊ नकोस. का ते सांगते, पण आधी दुकानातली गंमत ऐक.

आपल्याकडे एक अनुवादक येतात. विधुर, उंच, मितभाषी. दर दोन दिवसांनी त्यांच्या चष्म्याची काडी सैल व्हायची. म्हटलं, "अहो, चष्म्यावर झोपता की काय?" शेवटी नंबर तपासायला बसवलं, तर अक्षरं सोडून माझ्याकडेच बघतायत! "नक्की तक्रार काय?" विचारलं. घाम पुसत म्हणाले, "आय ॲम स्मिटन."

मला वाटलं, मोतीबिंदूचाच कुणी चुलतभाऊ. मोबाइलवर अर्थ पाहिला: पीडित, रोगाने ग्रासलेला. लगेच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला, "पेशंट पाठवतेय, स्मिटन झालंय, आधी बघा." आणि हे गृहस्थ मुकाट गेलेसुद्धा!

थोड्या वेळाने बाईंचा फोन. हसून हसून बोलता येईना. "अगं, डोळे उत्तम आहेत. हे दुखणं तुझ्याच दुकानात लागलंय." मग समजावलं. स्माइट म्हणजे जोरात हाणणं, जुनं क्रियापद. स्मिटन म्हणजे ज्याला तडाखा बसला तो. आधी शस्त्राचा, मग रोगराईचा.

"आणि आता?"

"आता तुझा!"

या वयात कानापर्यंत लाल झाले गं.

संध्याकाळी ते परत आले. मी इकडेतिकडे बघत विचारलं, "औषध दिलं का काही?"

"थेंब दिलेत. नुसतं पाणी आहे. तुम्ही हो किंवा नाही म्हणेपर्यंत घालत राहा म्हणाल्या."

मी हो म्हटलं, ठमे. म्हणून तुझ्याकडे राहायला येत नाही. बाबा गेल्यापासून मी एकटी जेवते, हे तुला सलतं. मलाही सलायचं, तुला कधी बोलले नाही इतकंच. तुला राग येईल, रडूही येईल. खुशाल भांड, पण अबोला धरू नकोस. तो मला सोसणार नाही.

रविवारी फोन कर. पुरुषाचा आवाज आला तर राँग नंबर समजून ठेवू नकोस. तुझ्याशी काय बोलायचं याची बिचारे आरशासमोर तालीम करतायत.

तुझ्या फोनकडे कान लावून बसलेली,
तुझी आई