दुधाच्या कॅनमधला धूर

देवळा,
१२ फेब्रुवारी १९८९

चि. वाल्मीक यास सावळीरामचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. इकडे सगळे ठीक आहेत. ठीक नाही ती आपली ट्रक. परवा नाशिकला पासिंगला नेली आणि नापास झाली. तू मॅट्रिकला पहिल्यांदा बसलास तेव्हाही घरात एवढी अवकळा नव्हती.

पूर्वीचा साहेब बरा होता. गाडीभोवती एक चक्कर मारायचा, टायरला लाथ घालायचा, हॉर्न वाजवून बघायचा आणि सही करायचा. आता टेबलावर टी.व्ही.सारखी पेटी ठेवली आहे. तिला म्हणे कॉम्प्युटर म्हणायचं. तिच्यातून निघालेली नळी आपल्या धुराच्या पाइपात घातली, आपल्या पुंजाराम ड्रायव्हरला गाडी रेस करायला लावली आणि पेटीने करकर करत कागद बाहेर काढला. त्यावर सगळं इंग्रजी. साहेबाला विचारलं तर तो म्हणाला की धूर जास्त आहे. अरे, डिझेलची गाडी आहे, ती काय उदबत्ती आहे?

ते यंत्र चालवणारा फकिरा तुमच्या टेक्निकल शाळेतून शिकून गेला, असं पुंजारामने शोधून काढलं. तू तिथे मोटार मेकॅनिकचा मास्तर. तेव्हा एक शब्द टाक. उन्हाळ कांदा महिनाभरात निघेल. पासिंगशिवाय गाडी रस्त्यावर काढता येत नाही आणि गाडी नसेल तर कांदा शेतातच राहील.

चि. सौ. सुलास आशीर्वाद. लोभ होता तसा असू दे.

सावळीराम


नाशिक,
१७ फेब्रुवारी १९८९

ती. दादांस वाल्मीकचा शि. सा. नमस्कार.

पत्र पावलं. फकिरा माझाच विद्यार्थी आहे, हे खरं. पण त्याला काय सांगू? डोळे मीट म्हणून?

दादा, राग मानू नका, पण त्या गाडीकडे मला बघवत नाही. मूळची ती पेट्रोलवर चालणारी होती. तुम्ही तिच्यात भंगारातल्या बसचं डिझेल इंजिन बसवलं. मग जास्त कांदा मावावा म्हणून हौदा दीड हात मागे वाढवला, पण धुराचा पाइप होता तेवढाच ठेवला. आता पाइपाचं तोंड हौद्याच्या खाली येतं आणि धूर फळ्यांच्या फटींतून वर चढतो. दिवाळीला मी आलो तेव्हा भिमाबाईची मजूर बायांची टोळी शेतावरून त्याच हौद्यात बसून आली. उतरल्यावर एक बाई भिंतीला धरून खोकत होती आणि पुंजाराम तिला तंबाखू सोड म्हणून सांगत होता. ती तंबाखू खातच नाही, हे वहिनींनी मला नंतर सांगितलं.

पंप आणि नोझल काढून काम करून घ्या, पाइप कॅबिनच्या मागून वर न्या. मग गाडी आपोआप पास होईल.

वहिनींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नये.

आपला,
वाल्मीक


देवळा,
२६ फेब्रुवारी १९८९

चि. वाल्मीक यास आशीर्वाद.

तुझं व्याख्यान वाचलं. पंप-नोझलच्या कामाला मालेगावचा मेकॅनिक महिना मागतो. एवढे दिवस गाडी उभी ठेवायची तर ती जत्रेत दाखवायला तरी न्यावी लागेल.

पण आम्हीही बिनडोक नाही. शेतावर गोबरगॅसच्या खड्ड्याचं काम केलं होतं, तेव्हा वायू पाण्यातून काढायचा हे मी शिकलो. तुझ्या वहिनीचा दुधाचा मोठा कॅन घेतला. त्यात अर्धं पाणी भरलं, वर भिजवलेली बारदानं कोंबली आणि झाकणाला दोन भोकं पाडून पाइप बसवले. इंजिनाचा धूर एकीकडून पाण्यात बुडबुडत जातो आणि दुसरीकडून बाहेर येतो तेव्हा पांढरा रुमाल धरला तरी डाग पडत नाही. कॅन हौद्याखाली आवळून बांधला आहे. वाकल्याशिवाय दिसत नाही आणि नाशिकचे साहेब वाकत नाहीत.

वहिनी दोन दिवस बोलत नाही. कॅन चांगला होता म्हणते.

बुधवारी, एक तारखेला गाडी आणतो. फकिराला काही सांगू नकोस. तू फक्त खिडकीपाशी उभा राहा. गुरुजींना बघून माणूस नळी जरा जपून घालतो.

आशीर्वाद आहेतच.

सावळीराम


नाशिक,
३ मार्च १९८९

ती. दादांस शि. सा. नमस्कार.

तुम्ही परवा इतक्या घाईने निघालात की चहासुद्धा घेतला नाहीत. म्हणून हे पत्र.

गाडी पास झाली. मी खिडकीपाशी उभा होतो. आपल्यापुढे सटाण्याच्या एका माणसाची नवीकोरी गाडी होती. तिच्या नळीची जोडणी सैल होती म्हणून की काय, पेटीने तिला नापास केलं. तो बिचारा हात जोडत होता. मग आपली गाडी आली. कागद बाहेर आला तेव्हा साहेबाने तो फकिराच्या हातून घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाला की गुरुजी, जुन्या गाड्या अशा ठेवाव्यात. सटाण्याच्या माणसाला त्याने आपली गाडी दाखवली आणि काहीतरी शीक म्हणाला. तुम्ही टोपी सारखी केलीत आणि हसलात.

घरी येऊन वाढलेलं ताट परत पाठवलं. सुलाने विचारलं तर पोट बिघडलं म्हणून सांगितलं. मला किळस आली आहे दादा, त्या पेटीची, त्या साहेबाची आणि आपल्या दोघांचीही.

कांद्याचं होईपर्यंत एवढं करा की भिमाबाईच्या बायांना हौद्यात बसवू नका. तेवढं कळवा.

वाल्मीक


देवळा,
१४ मार्च १९८९

वाल्मीक भाऊजींस धोंडाबाईचा आशीर्वाद.

तुमचे दादा तुम्हाला कळवणार नाहीत, म्हणून मीच लिहिते. प्रौढांच्या वर्गात जाऊन शिकलेलं अक्षर आहे, सांभाळून वाचा.

कॅन लावल्यावर गाडी चढ चढेना. नाशिकहून येताना इंजिन गुदमरत होतं म्हणे. म्हणून आल्याबरोबर पुंजारामने कॅन सोडला आणि खळ्याच्या दाराशी ओतला. भाऊजी, ते पाणी नव्हतंच. डांबर पातळ केल्यासारखं काळं आणि वर तेलाचा तवंग. बारदानं उचलली तर हातात गाळ आला. मी कॅन राखेने घासला, चिंचेने घासला, शेवटी टाकून दिला. दुधासाठी तो पुन्हा कधी चालला नसता.

कांदा काढायला लागल्यावर परवा सकाळी बाया शेतावर जायला आल्या. तो काळा डाग तेव्हाही दाराशी तसाच होता. भिमाबाई थांबली. बोट लावून बघितलं, वास घेतला आणि मला विचारलं की हे कुठलं. मला खोटं बोलता आलं नाही. नाशिकला जाऊन-येऊन गाडीने जेवढा धूर सोडला, तेवढा हा, असं मी सांगितलं. तिने पुन्हा विचारलं, एकाच खेपेचा? मी हो म्हटलं.

तिच्या दोन बाया हौद्यात चढल्या होत्या. तिने त्यांना खाली बोलावलं. तुमच्या दादांनी सरकारी कागद काढून दाखवला, गाडी कॉम्प्युटरने पास केली आहे म्हणून सांगितलं. भिमाबाई म्हणाली की तुमचा कॉम्प्युटर मागं बसत नाय, आम्ही बसतो. मालकांनी आमच्या जागेवर एक खेप बसून दाखवावं, मग आम्ही पुन्हा बसू.

ह्यांनी तिला नको ते बोलून घालवलं. उमराण्याकडे दुसऱ्या बाया बघायला गेले होते, तिथेही गोष्ट पोचली होती. कांदा काढून शेतात पडला आहे.

सुलाबाईंना विचारलं म्हणून सांगा. इकडची आठवण ठेवा.

धोंडाबाई


नाशिक,
१८ मार्च १९८९

ती. दादांस नमस्कार.

वहिनींचं पत्र आलं. त्यांच्यावर चिडू नका.

तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली, किंवा मी ती मुद्दाम मागे ठेवली. त्या दिवशी नळी घालताना फकिरा वाकला होता. त्याने कॅन बघितला. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. वर्गात दोन वर्षं तो असंच बघून विचारायचा की सर, बरोबर आहे का? मी मान हलवली. त्यानंतर त्याने नळी घातली.

म्हणजे गाडी तुमच्या कॅनने पास झालेली नाही. मी केली. काळं पाणी माझ्याही दाराशी ओतलेलं आहे. भिमाबाईचं म्हणणं मला रास्त वाटतं. तुम्हाला बसायचं नसेल तर मी येतो आणि बसतो. सोमवारी सुट्टी आहे.

फकिराला भेटायचं धाडस माझं अजून झालेलं नाही.

आपला,
वाल्मीक


देवळा,
२५ मार्च १९८९

चि. वाल्मीक यास.

पत्र मिळालं. वाचून तुझा संताप आला. लहान भावाने माझ्या जागी बसायची वेळ अजून आलेली नाही.

गुरुवारी मी बसलो. भिमाबाईचं ऐकून नव्हे, पडलेल्या कांद्याला ऊन लागत होतं म्हणून. खळ्यापासून लोहोणेरच्या मळ्यापर्यंतच जायचं होतं. मी मागे, फाळक्याजवळ, जिथे त्या बसतात तिथे. भिमाबाई पुढे कॅबिनमध्ये पुंजारामशेजारी. बाकीच्या बाया आधीच पायी मळ्यात गेल्या होत्या. सगळा गाव बघत होता, म्हणून मी धोतर नीट करून मांडी घालून बसलो.

सपाटीवर काही वाटलं नाही. चढ लागला तसा फळ्यांतून धूर वर आला. आधी डोळ्यांत, मग घशात. उपरणं तोंडाला लावलं तर तेच काळं झालं. उठून उभं राहावं तर गाडी हिसके देत होती. मी सरपटत पुढे गेलो आणि कॅबिनवर हात आपटले. खूप आपटले. गाडी थांबली नाही. चढ संपेपर्यंत थांबली नाही. मग मी फाळक्यावरून वाकून ओकलो.

मळ्यात उतरल्यावर पुंजारामच्या अंगावर धावून गेलो. ऐकू आलं नाही का, असं विचारलं. तो म्हणाला की ऐकू आलं. बाया रोजच आपटतात. त्या आपटल्या म्हणून गाडी थांबवायची नाही, असं मालकांनीच सांगून ठेवलं आहे.

मी तसं सांगितलं होतं. चढावर गाडी थांबली की पुन्हा उचलत नाही.

भिमाबाईने सगळं ऐकलं. बायांना घेऊन कांदा भरायला लागली. माल बैलगाडीने काढतो आहे. ट्रक लोहोणेरलाच उभी आहे, मालेगावचा मेकॅनिक तिथे येऊन इंजिन उतरवणार आहे. पाइप वर काढायचा आहे.

पास झाल्याचा कागद पाकिटात घातला आहे. तो फकिराला परत दे आणि मी दिला म्हणून सांग. मालकाने गाडी स्वतःहून नापास केली, हे लिहायची सोय त्यांच्या पेटीत नसेल, तर हाताने लिहा म्हणावं. त्याच्याकडे तूच जायचं, टपालाने पाठवायचं नाही.

तुझ्यावरचा राग चार दिवसांत उतरेल. तोवर आशीर्वाद उधार समज.

दादा