खाडीच्या तोंडी लागू नये

३ ऑक्टोबर

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. बायकोला, ग्वेंडाला, तर नाहीच.

निमित्त: व्हर्ना आंटीने नोव्हेंबरात गावच्या हॉलमध्ये 'खाडीचा दिवस' ठरवला आहे. कुरिंबा नदीच्या खाडीवर ज्यांनी अभ्यास केला त्यांनी तो सांगायचा, ज्यांनी चित्रं, गाणी, गोधड्या केल्या त्यांनी त्या मांडायच्या. व्हर्ना सगळ्या गावाची आंटी. तिची माणसं इथे आमच्या फार आधीपासून, जवळजवळ नदीच्या बरोबरीची. तेव्हा तिने बोलावलं की यायचं असतं.

प्रमुख वक्ता कोण, हे तिने जाहीर केलेलं नाही. मला विचारायला संकोच वाटत असावा. मी फोन करून हो म्हणून टाकलं. तिने लगेच फोन ठेवला. भारावली असणार.

४ ऑक्टोबर, शनिवार

विषय ठरला: खाडीचं तोंड. ते सध्या बंद आहे. समुद्राने वाळूचा बांध घातला, नदी आत अडकली, पाणी रोज चढतंय. चार-सहा वर्षांनी हे होतंच. गावात यावर दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, मशीन आणा आणि बांध फोडा. दुसरा पक्ष मी.

माझा सिद्धांत साधा आहे. उधाणाची मोठी भरती बांधावरून आत आली की ओहोटीला नदी आपली वाट आपण काढते. नोव्हेंबरच्या अमावास्येचं उधाण नेमकं खाडीच्या दिवसाला धरून आहे. बांध त्याच दिवशी आपोआप फुटणार. हे मी मार्चपासून सांगतोय, बेकरीत, पोस्टात, विचारलं नसतानाही.

मशीनवाल्यांचा पुढारी रॉस टलक. कालवांचा धंदा करायचा, आता गाई पाळतो. त्याचं कुरण पाण्यात गेलंय. तीस वर्षं आम्ही दर शनिवारी एका होडीतून मासे धरले. मार्चच्या सभेत मी एवढंच म्हणालो की रॉसला पाण्यातलं बोय माशाइतकं कळतं. बोय जन्मभर पाण्यातच असतो, म्हणजे ही स्तुतीच झाली. तेव्हापासून तो बोलत नाही. समोर आलो की झाडांकडे बघतो.

नुकसान त्याचं. मला शनिवार मोकळे मिळतात. आज गॅरेज झाडलं. दुपारी परत झाडलं.

१२ ऑक्टोबर

कार्यक्रमपत्रिका आली. प्रत्येकाला दहा मिनिटं. ही छपाईची चूक समजू. पण पुढे आणखी मोठी चूक: प्रत्येक अभ्यासकाला एका कलावंताशी जोडून दिलंय. माझ्यापुढे नाव रॉस टलक.

रॉस कलावंत कधी झाला? कळलं, तो माशाला शाई फासतो आणि त्याचे ठसे गोणपाटावर उठवतो. धुऊन मासा खातो. याला कला म्हणतात.

व्हर्ना आंटीला फोन केला, तुझी यादी चुकली आहे म्हणून. म्हणाली, "चुकलेली नाही राजा. तू मला ड्रायव्हिंगच्या परीक्षेत तीनदा नापास केलंस, तेव्हा मी म्हणाले का, यादी चुकली म्हणून?"

तिची गोष्ट वेगळी. ती चौकाला उलटी वळली होती. लायसन्सच्या परीक्षा घेण्यात माझा जन्म गेला. अर्ध्या गावाला मी एकदा तरी नापास केलंय. लोक अजून दुरून हात करतात, जवळ येत नाहीत. आदर असतो असा.

ठराव: मोठ्या मनाने रॉसला सामावून घ्यायचं. त्याला स्टेजवर स्लाइड दाखवायची काठी धरून उभं करता येईल.

१९ ऑक्टोबर

संशोधनात मोठा शोध. बागेच्या टोकाला पाण्यात मी खुणांची काठी रोवली आहे, तिच्यावरून रोज पातळी मोजतो. मंगळवारी पाणी एकदम वीतभर उतरलं. पाऊस नाही, बांध जागच्या जागी, तरी पाणी खाली. बाष्पीभवनाचा हा प्रकार जगात कुणी नोंदलेला नसावा. माझ्या आडनावावरून नाव दिलं: क्रॅडॉक घसरण. आलेख रंगीत काढला.

२१ ऑक्टोबर

ग्वेंडाने काठी टोमॅटोला आधार म्हणून नेली होती. परत रोवली ती उथळ जागी. विचारलं तर म्हणते, "तुझ्या काठीवर रोज पेलिकन बसून घाण करायचा. मला वाटलं तुला नको असेल."

क्रॅडॉक घसरण भाषणातून काढली. आलेख मात्र ठेवला. सुंदर आला आहे.

१ नोव्हेंबर, शनिवार

हॉलची पाहणी केली. स्टेजमागच्या भिंतीवर गावच्या बायकांची गोधडी लागणार आहे: सगळी खाडी, तिवरांची बेटं, काळे हंस, सगळं कापडाचं. ग्वेंडा दोन वर्षं त्यात आहे. मी सुचवलं की गोधडी उलटी टांगावी. मागची बाजू पांढरी आहे, माझ्या स्लाइड तिच्यावर छान उठतील.

ग्वेंडाने रात्री ताट माझ्यापुढे आपटलं. कल्पना पटायला तिला वेळ लागतो.

८ नोव्हेंबर, शनिवार

भाषणाची तालीम. तासाला थोडं कमी. दहा मिनिटांत बसवायचं म्हणून नदीचा जन्म गाळला. तरी तेवढंच. आता भराभर बोलायचं ठरवलंय. ग्वेंडा डोळे मिटून लक्षपूर्वक ऐकत होती. संपल्यावर मी हाक मारली तेव्हा दचकली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

व्हर्ना आंटीचा हुकूम: दोघांनी एकदा भेटा. गेलो रॉसकडे. सगळ्या वाटेत पाणी होतं, बूट भरले. त्याच्या कोंबड्या व्हरांड्यात आल्या आहेत. पाणी स्वयंपाकघराच्या शेवटच्या पायरीला लागलंय. त्याची बायको सामान घेऊन बहिणीकडे गेली. तो एकटाच टेबलाशी बसून एका माशाला शाई लावत होता.

मी म्हणालो, उधाण आठवड्यावर आलंय, धीर धर.

तो माशाकडे बघूनच बोलला. "नेव्ह, तुझं घर टेकडीवर आहे. टेकडीवरून धीर धरता येतो."

मग म्हणाला, "खाडीच्या दिवशी बांध आपोआप फुटला तर भर हॉलमध्ये तुझी माफी मागीन. नाही फुटला तर तू पुन्हा या विषयावर बोलायचं नाहीस. बस."

मान्य केलं. ठसे बघितले. एका बोय माशाचा ठसा असा उठलाय की खवला न् खवला मोजावा. बरा आहे, एवढंच म्हणालो. जास्त स्तुतीने माणूस बिघडतो.

चहा विचारला नाही त्याने. तीस वर्षांत पहिल्यांदा. मला नकोच होता.

२० नोव्हेंबर

अमावास्या. भरती आली आणि बांधाला नमस्कार करून परत गेली. बेकरीत हसले सगळे. एकाने मला पावाबरोबर फावडं हवंय का विचारलं. विद्यापीठातून मिरियम नावाची मुलगी आली आहे, ती सगळी भाषणं कॅमेऱ्यात घेणार. तिला सहज विचारलं, परवा, खाडीच्या दिवशी, फुटेल ना? ती म्हणाली, सांगता येत नाही. फुटेलही, नाहीही.

याला शिक्षण म्हणतात. मी कधी कुणाला 'पास होशीलही, नाहीही' असं सांगितलं नाही.

२१ नोव्हेंबर, संध्याकाळी

फार विचार केला. रॉसची ती पायरी डोळ्यांसमोरून जात नाही. मैत्रीपुढे सिद्धांत काय? मी मोठेपणा घ्यायचं ठरवलंय. शेवटची स्लाइड बदलली. आता तिच्यावर ठळक अक्षरांत आहे: 'बांध आपोआप फुटणार नाही. मशीन आणावंच लागेल.'

भर गावासमोर मी मत बदलणार, रॉस गहिवरणार. बेकरीतल्या हसण्याशी याचा काही संबंध नाही.

२२ नोव्हेंबर, सकाळी ७

आज. टाय निळा. भरती बघायला जायला वेळ नाही, प्रोजेक्टर लावायचा आहे. आणि फुटायचं काही कारणही उरलेलं नाही.

२२ नोव्हेंबर, संध्याकाळी

क्रमाने लिहितो.

हॉल भरलेला. व्हर्ना आंटीने सगळ्यांचं स्वागत केलं. तिची नात गायली, लोकांनी डोळे पुसले. रॉसचे ठसे एका भिंतीवर, गोधडी सुलट, मला स्लाइडसाठी एक चादर दिलेली. माझी वेळ झाली तरी रॉस नाही. त्याची खुर्ची रिकामी ठेवून मी सुरुवात केली.

पाचेक मिनिटांत एकाचा फोन वाजला. तो वाकून बाहेर गेला. मग दुसरा. मग ओळच्या ओळ. मला वाटलं, चहा झाला असेल. ग्वेंडा दारात उभी राहून दोन्ही हात फाकवून खुणा करत होती. मोठ्याने बोल म्हणते असं वाटून मी आवाज चढवला. तिने कपाळाला हात लावला आणि तीही गेली.

शेवटी हॉलमध्ये मिरियमचा कॅमेरा, मिरियमशिवाय, आणि व्हर्ना आंटीची थोरली बहीण व्हायोलेट, जिला कमी ऐकू येतं. मी व्हायोलेटसाठी निष्कर्ष दोनदा वाचला: बांध आपोआप फुटणार नाही.

तेव्हा बाहेरून गर्जना आली. ट्रक असेल म्हणून मी पुढची स्लाइड शोधली. ती शेवटचीच होती.

सकाळच्या भरतीने बांध ओलांडला होता. ओहोटीला नदीने एवढीशी चीर पाडली, तिचा ओहळ झाला, ओहळाचा लोंढा, आणि दुपारपर्यंत आगगाडी जाईल एवढं तोंड उघडलं. सगळं गाव काठावर उभं राहून बघत होतं. सगळं गाव, असं लिहितो. मी सोडून.

मग लोक परत आले. पुढे रॉस, कमरेपर्यंत भिजलेला, दाढीत वाळू. पहाटेपासून तो बांधावरच होता. स्टेजवर चढला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मी शब्द दिला होता. नेव्ह म्हणाला होता आज आपोआप फुटेल. फुटला. मी चुकलो, माफी मागतो."

टाळ्या पडल्या. माझ्या हयातीतला पहिला असा क्षण, आणि मी त्याच्याकडे पाठ करून प्रोजेक्टर बंद करायचं बटण शोधत होतो. ब्रेक सापडत नाही म्हणून मी किती जणांना नापास केलं असेल.

रॉसकडे चष्मा नव्हता. त्याने चादरीजवळ जाऊन एकेक अक्षर मोठ्याने वाचलं. "आपोआप... फुटणार... नाही. मशीन... आणावंच... लागेल." मग वळून विचारलं, "हे कुणी लिहिलं?"

पहिल्या ओळीतून व्हायोलेट म्हणाली, "यानेच. आत्ता दोनदा वाचून दाखवलं."

तिला कमी ऐकू येतं असा आजवर माझा समज होता.

२३ नोव्हेंबर

व्हर्ना आंटीचा फोन. कॅमेऱ्यातली सगळी भाषणं विद्यापीठात कायमची जपून ठेवणार. माझं पूर्ण आलंय, मागच्या गर्जनेसकट. ते काढता येईल का विचारलं. म्हणाली, "हवं तर पुन्हा परीक्षेला बस, राजा."

दुपारी रॉस आला. व्हरांड्यात बसला. पाणी उतरलं, बायको परतली, कोंबड्या आवारात गेल्या. मी त्याला खरं ते सांगितलं, की मत बदललं ते त्याच्यासाठी. "तीस वर्षांत माझ्यासाठी एकदा मत बदललंस," तो म्हणाला, "आणि बदललंस तेही कोणतं, तर तुझं बरोबर होतं तेवढं एकच."

ग्वेंडाने चहा आणला. तो दोन कप प्यायला. जाताना म्हणाला, तोंड उघडलंय, बोय समुद्राकडे निघालेत, शनिवारी होडी काढू.

हो म्हणालो. होडीत तोंड मिटून बसेन, असंही सांगितलं.

रॉस म्हणाला, "ते आपोआप उघडेल. मशीन लागणार नाही."