काळी पाचचा हट्ट

म्हैसूर, बुधवार

प्रिय शरण्या,

काल दुपारी तुझा मेसेज आला. उत्तर टाइप करायला बसलो तर तीनदा भांडणच लिहून झालं, तीनदा पुसलं. म्हणून हा कागद, फोटो काढून पाठवतोय. माझं अक्षर तुला लागत नाही, तरी वाच.

रविवारी प्रयोग आहे आणि मी या संगीत नाटकाला, मंडळाला आणि स्वतःला पुरता विटलो आहे. पाचव्या सेमिस्टरला कॉलेज सोडलं तेव्हा अप्पा म्हणाले होते, इंजिनिअर झाला असतास तर मशीनं बिघडवली असतीस, आता माणसं बिघडवशील. खोटं नाही. तालीम बोगादीच्या मंगल कार्यालयाच्या जेवणघरात. मी नायिकेचं विरहाचं पद समजावून सांगतोय आणि पलीकडे कुणीतरी सांबाराची पातेली घासतंय. सगळ्यांनी संवाद कानडी अक्षरांत उतरवून घेतलेत. घोडेस्वार झालेला सुधींद्र घरच्या मराठीत बरा बोलतो, पण लढाईला निघताना बायकोचा निरोप घेतो आणि वर कानडीत ‘आयतु, बरतीनी’, बरंय येतो, म्हणतो, जसा काही ऑफिसातून निघालाय. तबल्याचा संकर्षण बन्नूरहून येतो. त्याची परतीची बस साडेसातला, त्यामुळे शेवटचं पद तीन महिने तबल्याशिवाय चाललंय. काही बोललं की म्हणतो, हर्षा, नाटक लांब आहे, बस नाही.

पण खरा ताप तुझ्या जागी आलेल्या रम्याचा. गोकुलममधल्या एका योगशाळेत ती दिवसभर परदेशी लोकांच्या नोंदी करते आणि संध्याकाळी इथे येऊन तुंगा होते. तू करणार होतीस ती तुंगा, घोडेस्वाराची बायको. गळा गोड आहे, पण भारदस्त, खालचा. आणि पदं सगळी काळी पाचात, तुझ्या उंच पट्टीत. अंतरा आला की तिचा आवाज फाटायचा. पायपेटीवरचे वेंकोजीमामा पहिल्या आठवड्यातच म्हणाले, पट्टी उतरव रे, काळी तीन कर, पोरगी सुटेल. मी म्हटलं, चालीचा जीव जाईल. मग म्हटलं, तबला परत लावायचा कुणी. मग म्हटलं, ती दहीभात खाऊन येते, म्हणून असं होतं. सगळ्यांसमोर म्हटलं. ती शांतपणे म्हणाली, पंधरा दिवस मी काढा पितेय, मोसरन्नाचं तोंड पाहिलं नाही, तू तेवढी शिव्यांची पट्टी उतरव. सगळे हसले. मी वही आपटून बाहेर गेलो. तुला माहीत आहे मी कसा जातो ते. तू पुण्याला निघालीस त्या दिवशीही असाच गेलो होतो, स्टेशनच्या उलट दिशेने.

आता परवाचं ऐक. चपात्यांच्या आचाऱ्याशी जागेवरून भांडून मी उशिरा आत आलो. शेवटचं पद चाललं होतं, तुंगा रिकाम्या तबेल्यात उभी असते ते. मी दारातच थांबलो. तू म्हणायचीस तेव्हा ते पद म्हणजे हाक असायची, लांब गेलेल्याला ऐकू जाईल अशी. रम्या म्हणत होती ते कुणाला ऐकू जावं म्हणून नव्हतं. माणूस येणार नाही हे कळलेली बाई घोड्याचा खरारा जागेवर ठेवते आणि स्वतःशी गुणगुणते, तसं होतं. आवाज कुठेच फाटला नाही. पातेली घासणारी बाईसुद्धा थांबली होती. मला वाटलं, पोरगी एकदाची सुधारली. पद संपल्यावर लक्ष गेलं ते संकर्षणकडे. बस चुकवून बसला होता आणि समोर मोठ्या तोंडाचा, खालच्या सुराचा तबला. आठ दिवस तो बसमधून दोन तबले वाहत होता. मी नसलो की मामा काळी तीन धरायचे, आलो की काळी पाच. चाल माझी, कान माझे, आणि मला पट्टी उतरलेली कळली नाही.

अर्थात मी ओरडलो. भरपूर ओरडलो. मामांनी भाता दाबून ठेवला, पेटी बंद केली आणि म्हणाले, सुम्ने, उगाच ओरडू नकोस, बाळा. जिच्यासाठी ती पट्टी अडवून ठेवलीस ती इथे आहे का? रम्या पदराची घडी घालत बसली.

बसच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तशी मी तीन महिने काळी पाच धरून बसलो होतो. एक मुलगी उभ्याने ताटकळत होती आणि मी तिलाच म्हणत होतो, तुला नीट उभं राहता येत नाही.

आणि काल तुझा मेसेज, की सुट्टी मिळतेय, शनिवारी येते, पदं सगळी पाठ आहेत, तुंगा मीच करते. शरण्या, हे वाक्य मी इतक्यांदा मनात वाचलं होतं की खरं आल्यावर आधी ओळखूच आलं नाही. मग रात्रभर आनंद झाला आणि सकाळी मामांकडे जाऊन सांगितलं, पट्टी काळी तीन, रविवारीही तीच. तुंगा रम्याच करणार. हे सांगायलाच लिहितोय. रागावशील, रागव. पण ये. स्टेशनवर येईन, या वेळी बरोबर दिशेने. पाचव्या रांगेत कडेची खुर्ची तुझी, रुमाल टाकून ठेवतो.

ओरडून घसा बसलेला, तरी तुझाच,
श्रीहर्ष