तक्त्यावरचा तिसरा रकाना

३ जून, मंगळवार
नातवाने, ध्रुवने, आरशाशेजारी तक्ता चिकटवला. सकाळी दात घासले की एक चांदणी, रात्री घासले की दुसरी. त्याच्या नावाचा रकाना मीच आखून दिला, पट्टी धरून. निपाणीच्या शाळेत तीस वर्षं दर सोमवारी पोरांची नखं आणि दात तपासले. 'वरून खाली, खालून वर, मागच्या दाढा विसरायच्या नाहीत!' बाईंचा दरारा होता.

आणि त्याच बाईंच्या पिशवीत मशेरीची डबी. भाजून बारीक केलेली तंबाखू. सकाळी बोटावर घेऊन दातांना लावल्याशिवाय मला माणसात आल्यासारखं वाटतच नाही. शुभदाला वाटतं, आईने बंगळूरला आल्यावर सोडली. या वयात लेकीच्या घरी लपूनछपून – शोभतं का मला?

५ जून
डबी अर्धी झाली. वीस दिवसांत? हात फार सैल सुटलाय माझा.

८ जून, रविवार
लेक, जावई, नातू बाहेर जेवायला. मी डाव साधला. तवा ठेवला, गावाहून आलेली तंबाखू भाजायला घेतली – खिडकी उघडायची विसरले! धूर बाहेरच्या पॅसेजपर्यंत. शेजारी खोकायला लागले, खाली फोन गेला, वॉचमन कल्लाप्पा वर आला. गोकाककडचा आहे, मराठी बोलतो.

"काय जळालं, अक्का?"

"मिरची करपली."

त्याने नाक वर करून हुंगलं. "आमची अव्वा बी असलीच मिरची भाजती," म्हणाला. "सरी, सरी, ठीक हाय. खिडकी उघडा स्वल्प."

शुभदा आली आणि दारातच थबकली. आता ऐकावं लागणार म्हणून मी मान खाली घातली. पण ती पंखा लावून आत गेली.

११ जून
हे फक्त इथे लिहिते. डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा आलाय. महिना झाला. तिखट लागलं की चरचरतं, आणि जीभ सारखी तिकडेच जाते. भीती वाटते. फार वाटते.

१४ जून, शनिवार
ध्रुवचे दात दाखवायला एचएसआर लेआउटला गेलो. पठ्ठ्या खुर्चीत बसेना. "आधी आजी!" बसले बाई, काय करते. डॉक्टर भव्यांनी आरसा तोंडात घातला, दिवा जवळ ओढला. मग विचारलं, तंबाखू किती वर्षं? खोटं सांगता आलं असतं. पण ध्रुव शेजारी डोळे वटारून उभा होता.

"चाळीस," म्हटलं.

चट्ट्याचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवलाय. मशेरी आजपासून बंद. मला वाटलं, शुभदा आता तोफ डागणार. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

१५ जून
डबी आणि उरलेली सगळी पूड कचऱ्यात. ध्रुवने तक्त्यावर 'आजी' असा रकाना काढला. "दोन मिनिटं, आजी. मी मोजतो." हा माझ्याहून कडक मास्तर! डोकं ठणकतंय, उगाच सगळ्यांवर चिडतेय. पण दोन चांदण्या मिळाल्या.

१८ जून
तीनदा पिशवीत हात गेला. तिथे आता डबी नाही, फक्त जपमाळ.

१९ जून
रिपोर्ट आला. कर्करोग नाही! मशेरी बंद ठेवली तर चट्टा जाईलही, दर तीन महिन्यांनी दाखवत राहायचं. देवापुढे साखर ठेवली. शुभदाने मिठी मारली, सोडेचना. "वेडे, मला काही झालेलं नाही," म्हटलं. तरी रडत होती.

२१ जून
मशीन लावण्याआधी शुभदाच्या जीन्सचे खिसे पाहिले. एक छोटी डबी निघाली, गोळ्यांची असते तशी. उघडली. मशेरी. म्हणजे माझी डबी मी एकटी संपवत नव्हते.

ती आठवीत असताना दाढ दुखत होती. मीच बोटभर लावली होती तिला. "लाव, थांबेल," म्हणाले होते.

तक्त्यावर तिसरा रकाना आखला. पट्टी धरूनही रेघ वाकडी गेली.