सहावं पान

१४ मार्च, मंगळवार

प्रिय ताई,

तुझा गुडघा आता काय म्हणतोय? जिने चढू नकोस असं सांगून काही उपयोग नाही, हे मला माहीत आहे, तरी सांगते. भावोजींची बाग जोरात असेल. माझी एक दाढ काढली, आणि दुसरीवर डॉक्टरांचा डोळा आहे. नोकरीचे तीन महिने राहिलेत. वाचनालयाच्या तळघरात तीस वर्षं फाटकी पुस्तकं शिवत बसल्यावर माणसाला जे जे होतं ते सगळं मला झालंय, पाठ आणि चिडचिड धरून.

आपली पत्रं एवढ्यावरच संपतात. आजचं लांबणार आहे, तेव्हा चष्मा शोधून बस.

बातमी अशी की वाचनालय बाबांचं पुस्तक पुन्हा छापतंय. शाळेतली मुलं गावाचा इतिहास विचारत येतात आणि आमच्याकडे एकच प्रत, तीही इतकी जीर्ण की घरी नेऊ देत नाहीत. नव्या ग्रंथपाल बाईंनी ठरवलं की आता हे पुस्तक छापायचंच. बाई वयाने तिशीच्या, पण एकदा मागे लागल्या की सोडत नाहीत. कार्यकारी मंडळाच्या तीन सभांत त्यांनी अध्यक्षांना असं काही भंडावलं की चौथ्या सभेत ते आल्या आल्या "मंजूर" म्हणाले.

जसंच्या तसं छापायचं ठरलं. त्यासाठी आधी प्रत उसवून पान न् पान सुटं करायचं, म्हणजे काम माझंच. मी चाकू हातात घेऊन अर्धा तास नुसती बसून होते. मग शिवण कापली.

पुलाचं प्रकरण वाचताना हसू आवरेना. ती नाव चालवणारी म्हातारी आठवते? बाबांनी प्रश्नांची यादी केली होती, चांगली दोन पानं, आणि तिच्या दारात गेल्यावर यादी तुझ्या हातात देऊन स्वतः बाहेर चपलांकडे बघत उभे राहिले. वर्गात साठ पोरांना गप्प करणारा माणूस, पण परक्या घरात तोंडातून शब्द फुटायचा नाही. सगळ्या गावाला बोलतं केलंस ते तू. घड्याळजी, दवाखान्यातली जुनी दाई, चामड्याच्या कारखान्यातले ते दोघे भाऊ, जे एकमेकांशी बोलत नसत आणि तुझ्याशी एकाच वेळी बोलत. पाच वर्षं तू ऐकलंस, बाबांनी लिहिलं. आणि मी तुमच्या मागे मागे शाईची दौत सांभाळत.

असो. काम सुरू झालं आणि दुसऱ्याच दिवशी ग्रंथपाल बाई पानं घेऊन खाली आल्या. "अहो, अनुक्रमणिकेत लिहिलंय, ऋणनिर्देश, पृष्ठ सहा. आणि सहावं पान तर कोरं आहे!" त्यांना वाटलं आपलीच प्रत सदोष. मग वर्तमानपत्रात आवाहन झालं, लोकांनी घरोघरच्या आठ प्रती आणून दिल्या. आठही प्रतींत सहावं पान कोरं. अध्यक्ष म्हणाले, "छापखान्यात कुणाला तरी डुलकी लागली असणार." सगळे हसले. मीही हसले, ताई.

कुणाला डुलकी लागली नव्हती. ते पान मी काढलं.

तू नर्सिंगच्या शिक्षणाला गेलीस तेव्हा पुस्तकाची दोन प्रकरणं राहिली होती. अर्ध्यावर टाकून गेली, असं बाबा म्हणाले, आणि तुझी ट्रंक बाहेर नेली तेव्हा खोलीतून उठलेसुद्धा नाहीत. ते तुला माहीत आहे. पुढचं माहीत नाही. त्याच वर्षी त्यांचा काचबिंदू वाढला. ती दोन प्रकरणं त्यांनी सांगितली आणि मी लिहिली. मी कॉलेज सोडलं. औषधं, वर्तमानपत्र, पायऱ्या मोजून देणं, सगळं मी. वाईट वाटत नव्हतं, उलट मिरवत होते. आता बाबा माझे, असं वाटायचं.

मग त्यांनी ऋणनिर्देश लिहिला. तेवढं पान मला सांगितलं नाही. स्वतः लिहिलं, न दिसणाऱ्या डोळ्यांनी, ओळीवर ओळ चढवत. पाकीट बंद करून मला छापखान्यात द्यायला सांगितलं. मी वाटेत उघडलं. सगळं पान तुझ्याबद्दल होतं. शेवटी एक ओळ: "धाकटीने मुद्रिते तपासण्यास मदत केली."

मी एकोणीस वर्षांची होते. हे कारण नाही, नुसतं सांगतेय.

पहिल्यांदा मी मुकाट्याने पाकीट देऊन आले. चार दिवसांनी जुळाऱ्याने खिळे जुळवून प्रूफ हातात दिलं, आणि ते छापलेलं पाहिल्यावर माझ्याच्याने राहवलं नाही. म्हटलं, "बाबा म्हणतात हे पान काढा." तो म्हणाला, "बाकीच्या पानांची जुळणी पक्की झाली, अनुक्रमणिका छापून गेली. हे काढलं तर पान कोरं जाईल." म्हटलं, "जाऊ दे." बाबांनी लिहिलेला कागद मी परत मागून घेतला.

पुस्तक आलं. बाबा म्हणाले, "सहावं पान वाच." मी कोरं पान समोर धरून सगळं वाचून दाखवलं. मला पाठ होतं. त्यांनी ऐकलं, मान हलवली आणि म्हणाले, "उद्याच्या उद्या थोरलीला प्रत पाठव."

तू काय समजलीस, ते मला तेव्हाही कळत होतं. अनुक्रमणिकेत ऋणनिर्देश आणि पानावर काही नाही, म्हणजे आधी लिहिलं आणि मग रागाने काढून टाकलं. तुझं कार्ड आलं: "पुस्तक मिळालं. छपाई चांगली आहे." बाबांनी मला ते दोनदा वाचायला लावलं. "एवढंच?" म्हणाले. मी म्हटलं, "एवढंच."

त्या पानात काय होतं ते अजून सांगितलं नाही. सांगायचं टाळतेय, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. माझ्या त्या ओळीच्या आधीचा, तुझ्याबद्दलचा शेवटचा परिच्छेद असा होता:

"ती शिकायला गेली तेव्हा मी रागावलो. तिचे काहीच चुकले नव्हते. माझी सवय मोडली, म्हणून मी रागावलो. हे मला तोंडाने सांगता आले नाही, म्हणून येथे छापत आहे. दुसऱ्या भागासाठी सहा वह्या आणून ठेवल्या आहेत. सुटीत ती आली की सुरुवात करू."

ताई, तू सुटीत आली नाहीस. चार वर्षं त्या वह्या त्यांच्या उशापाशी होत्या. मी लिहून घेते म्हटलं तर म्हणायचे, "थांब, ती येईल." आणि तू आलीस ती बाबा गेल्यावर, दोन दिवसांसाठी. तेव्हा सांगायला हवं होतं. तू त्यांच्या पलंगावर बसून मला म्हणालीस, "शेवटपर्यंत माझ्यावर रागच होता ना त्यांचा?" आणि मी चहा टाकायला उठून गेले. चाळीस वर्षांत मी सगळ्यात वाईट काय केलं असेल तर ते हे. पान काढलं त्याहूनही वाईट.

हे पत्र त्याच वह्यांच्या कागदावर लिहिलंय. माझ्याकडे दुसरा कागद नव्हता असं नाही.

काल मी ग्रंथपाल बाईंना आणि अध्यक्षांना सगळं सांगितलं. मग अध्यक्ष समजुतीने म्हणाले, "जुन्या कागदांत सापडलं असं लिहू. तुमचं नाव कशाला?" मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण नको म्हटलं. टीप मी लिहून दिली आहे: "पहिल्या आवृत्तीतून हे पान लेखकाच्या धाकट्या मुलीने, लेखकाच्या नकळत, काढून टाकले होते." ग्रंथपाल बाईंनी ती वाचली आणि माझा हात धरला. मला रडू आलं. त्या पोरीसमोर, तळघरात, हाताला खळ लागलेली असताना.

पण छापायचं की नाही ते तू ठरवायचं. ते पान पुस्तकासाठी असलं तरी होतं तुलाच लिहिलेलं, आणि गावाने ते तुझ्या आधी वाचावं हे बरं नाही. सोबत पाठवते आहे. नक्कल नाही, बाबांच्या हातचंच. ओळी एकमेकींवर चढल्यात, पण तुला लागेल, त्यांचं अक्षर तुला नेहमीच लागायचं. छापखाना महिनाअखेरपर्यंत थांबेल. तू नको म्हणालीस तर पान कोरं राहील आणि खाली फक्त माझी टीप असेल.

माफ कर असं लिहून तीनदा खोडलं. मागायचा हक्क वाटत नाही, आणि न मागताही राहवत नाही. तुला राग येईल. येऊ दे. पण तो माझ्यावर काढ. बाबांवर चाळीस वर्षं काढलास, तो त्यांचा नव्हता, माझ्या वाट्याचा होता.

ते तुझी वाट बघत होते, ताई. शेवटच्या दिवशीसुद्धा.

तुझं पान चाळीस वर्षं स्वतःजवळ ठेवणारी,
तुझीच,
धाकटी