उष्टा घास

५ नोव्हेंबर
आजाराला नाव मिळालं. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मज्जातंतूंचा आजार. डावा डोळा एवढे दिवस धूसर, आणि मी चष्म्याला शिव्या घालत होते. पार्किंगमध्ये समीर म्हणाला, "तुला इथे जर्मनीत आणायलाच नको होतं." वाल्डॉर्फची नोकरी त्याची खरी, पण यायची घाई मला होती. नवऱ्याला हे बरं आठवत नाही.

८ नोव्हें.
कारण काय? डॉ. बाई म्हणाल्या, एकच असं नाही. थोडं आनुवंशिक, ड जीवनसत्त्व कमी, सिगरेट, कधीतरी होऊन गेलेला एक विषाणू... सिगरेट नाही. ऊन? पुण्यात ऊन फुकट होतं तेव्हा काळी पडेन म्हणून स्कूटीवर डोळ्यांपर्यंत ओढणी गुंडाळून फिरले. आता गोळ्या घ्या.

९ नोव्हें.
सासूबाईंचा फोन. "अगं, दृष्ट लागली. नव्या घराचे फोटो टाकायची काय गरज होती?" हसू आलं. फोन ठेवल्यावर मीठ-मोहऱ्या शोधल्याच.

१२ नोव्हें.
तो विषाणू म्हणे लाळेतून पसरतो. लेकीचं, ईराचं उरलेलं मी खाते, माझ्या ताटातलं ती. आमच्याकडे मायेची रीतच ती! आज तिने माझ्या वाटीत चमचा घातला आणि मी वाटी ओढून घेतली.
"वारूम?" म्हणजे का? आठ वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये.
"सर्दी झालीय मला," म्हटलं. कसली सर्दी.

१६ नोव्हें.
डॉ. बाईंना विचारलंच. "तो विषाणू जवळजवळ सगळ्यांना होऊन जातो. मलाही झाला असेल. तुमचा आजार मात्र संसर्गाचा नाही. लेकीबरोबर खुशाल जेवा."
मग मलाच का?
"ते नक्की कुणालाच सांगता येणार नाही."
एरवी सगळं नेमकं सांगणाऱ्या जर्मन माणसाने असं म्हटलं की पायाखालची जमीनच सरकते. घरी समीरला विषाणूचं, लाळेचं सगळं सांगितलं. तो म्हणे, "तरी पण, इथे ऊन नाही..." त्याला दोषी व्हायचंच आहे. भांडलो. ईरा घरातच होती.

१७ नोव्हें.
रविवार असल्यासारखा वरण-भात-तूप केला. ईरा ताट घेऊन टेबलाच्या पार टोकाला जाऊन बसली. ये ना इकडे. येईना.
"बिन इश शुल्ड?" माझ्यामुळे झालं का, म्हणून विचारत होती. "तू माझं उष्टं खायचीस." 'उष्टं' तेवढं मराठीत.
उठले, तिच्या ताटातला अर्धा खाल्लेला घास उचलून तोंडात टाकला. "तुझ्यामुळे नाही गं, राणी. कुणामुळेच नाही."
तिने लगेच विचारलं, "मग कशामुळे?"
तोंडात घास होता म्हणून गप्प राहता आलं.