सात शब्दांची पाटी

आई, काल तुझा मूकपट पाहिला, इथे लंडनमधल्याच एका फिल्म फेस्टिव्हलमध्ये. चित्र पार फिकटलंय, मधलं एक रीळ गेलंय, पण पडद्यावर मध्येच येणारी ती वाक्यं, ज्यांना तू पाट्या म्हणायचीस, शाबूत आहेत. नायिका उंबऱ्याशी थांबते आणि पाटी येते, 'परत यायचं होतं, पण कोणाकडे, ते विसरले.' मी अंधारात बोटांवर मोजले. सातच शब्द. दिवे लागल्यावर माहितीपत्रक उघडलं, तर लेखक अज्ञात, आणि तुझं नाव पार खाली, बोर्ड रंगवणाऱ्यांत. मला तिथे बसवेना. आज सकाळपासून तीनदा चहा केला नि तीनदा ओतून दिला.

इल्फर्डचं आपलं किचन आठवतं. शनिवार आहे. आपल्या ज्यूंचा विश्रांतीचा वार; शब्बाथला तू पेन धरत नाहीस, फोन उचलत नाहीस. पण मी वर्षभर खपून लिहिलेली गोष्ट समोर ठेवली, तर तिच्यातली वाक्यं नखाने खोडायला तुला काहीच वाटत नाही. कागदभर नुसते ओरखडे. "अगं बाय, वाचणारा शेवटच्या बाकावर बसलाय. सात शब्दांत सांग. जमत नसेल, तर काय म्हणायचंय ते तुलाच ठाऊक नाही." चाळीस पानांतलं एक वाक्य ठेवलंस. चाळिशीची बाई मी, पोरीसारखी रडकुंडीला आले.

तेवढ्यात हॉलमध्ये फोन वाजला, तो अर्थात मीच घेतला. कुठल्याशा फिल्म आर्काइव्हचा माणूस होता. जुना सिनेमा सापडलाय म्हणाला, तो बनवणाऱ्या स्टुडिओत तुमच्या आईचं काम काय होतं?

"शी पेंटेड साइनबोर्ड्स," मी म्हटलं.

"लिहीत नव्हत्या?"

"नो."

"कोण गं?" तू किचनमधून विचारलंस.

"राँग नंबर."

पुढच्या हिवाळ्यात तू गेलीस.

इतकी वर्षं मी स्वतःची समजूत घालत आले, की 'पाट्या' या शब्दानेच घोळ केला, लहानपणी इथे आलेल्या मुलीचं मराठी ते काय असणार. घोळबिळ काही नव्हता, आई. राग होता. आज आर्काइव्हला पत्र लिहायला बसले. चार पानं झाली, सबबीच सबबी. मग नखाने एकेक ओळ खोडत गेले. उरलं ते एवढंच: पाट्या माझ्या आईने लिहिल्या. मी खोटं बोलले.

आयुष्यात कधी शब्बाथ पाळला नाही मी. पण आज शनिवार आहे ना, असं म्हणून पत्राचं पाकीट अजून पर्समध्येच ठेवलंय.